लोहमुखाची आत्या

५ ऑक्टोबर

लाडक्या फेंगड्या,

तुमच्या कंपनीनं सगळ्यांचे फोन काढून पेटीत कुलूपबंद केले, त्यामुळे या वयात मला पेन धरायची वेळ आली. गुपित फुटू नये म्हणे. कसलं डोंबलाचं गुपित! नऊच्या नऊ खंड माझ्या वाचनालयात तिसऱ्या कपाटात उघडे पडलेत. कुणीही यावं, शेवट वाचावा आणि घरी जावं.

तर काल ‘नऊ पूल’चा पहिला भाग पाहिला. मी ही कादंबरी तीनदा वाचलीय आणि नऊही खंडांना स्वतःच्या हातानं खाकी कव्हरं घातलीत, त्यामुळे मला बोलायचा अधिकार आहे. पुस्तकातली राणी साठीची आहे, तिला दात नाहीत आणि ती सारखी थुंकते. तुमची राणी पंचविशीची आणि वादळातसुद्धा तिची एक बट हलत नाही. पुस्तकात चाळिसाव्या पानावर पहिला पूल कोसळतो. इथे तासभर झाला तरी पूल शाबूत आणि सगळी माणसं टेकडीवर उभी राहून लांब कुठेतरी बघतायत. एवढं काय दिसत होतं त्यांना, देव जाणे. माणसं निवडताना लांब बघता येतं का, एवढंच विचारत असावेत.

बघायला कोण होतं ते सांगते. वहिनी, म्हणजे तुझी मातोश्री, सोफ्यावर मधोमध. मी उजवीकडे. शेजारचा चष्मेवाला आपली खुर्ची आपण घेऊन आला होता, कारण आमच्या खुर्च्यांनी त्याची पाठ धरते. आणि दादा दुकान आणि घर यांच्यामधल्या दारात स्टुलावर, मांडीवर कुणाचा तरी बूट घेऊन. “मी बघत नाहीये, इथे उजेड बरा आहे,” असं त्यानं दोनदा सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. चष्मेवाल्याला दुकान वाढवायचंय, त्याला दादाचं दुकान हवंय. दादाचे हात दुखतात हे तुला ठाऊक आहे, तो कबूल करणार नाही हेही ठाऊक आहे. त्यानं मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: “पोराचं तिथलं काम खरं असेल तर दुकान चष्मेवाल्याला देतो. नुसताच टाइमपास चालला असेल तर त्यानं परत यावं आणि आरी हातात घ्यावी. वर्षअखेरपर्यंत मला कळायला हवं.” तू सारखं ‘मी पुढच्या भागात आहे’ लिहितोस, पण काय आहेस ते लिहीत नाहीस. लिही.

तुझे जुने बूट दादानं परत दुरुस्त करून ठेवलेत. दोन्ही टाचा बाहेरच्या कडेनं झिजल्या होत्या, नेहमीप्रमाणे. त्यानं नेहमीप्रमाणे तळात पाचर ठोकून त्या सरळ केल्यात. कुणी घालायला नाही घरात, तरी केल्यात.

तुझी,
आत्या


१० ऑक्टोबर

आत्ये,

साष्टांग नमस्कार घालायला तंबूत जागा नाही, म्हणून हा बसल्या बसल्या नमस्कार गोड मानून घे.

मी काय काम करतो ते लिहायला बंदी आहे. करारात तसं कलमच आहे. आमच्याकडे एक बाई आहे, तिचं काम फक्त आम्ही बाहेर काय बोलतो ते बघणं. ती पत्रं उघडत नाही, पण पाकिटाकडे असं बघते की पाकीट आपणहून बोलायला लागेल. एवढं सांगितलं तर जग बुडणार नाही: माझा चेहरा दिसणार नाही. दुसऱ्या भागात पुलाचा प्रसंग आहे, त्यात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे. काम वजनदार आहे. ते अंगावर चढवायलाच दोन माणसं लागतात.

इथे डोंगर, चिखल आणि पाऊस एवढंच आहे. सकाळी उकडलेली अंडी, दुपारी सूप, संध्याकाळी दुपारचंच सूप. पाय दिवसभर ओले असतात, चहात पडलेल्या पावासारखे झालेत. पण तक्रार नाही. आत्या, मला हे काम आवडतं. सकाळी उठल्यावर अंथरुणातून बाहेर यावंसं वाटतं असं काम मी आजवर केलं नव्हतं.

बाबांना सांग, काम खरं आहे आणि रोज आहे. पण चष्मेवाल्याला ते काही कबूल करणार असतील तर आधी मला कळव. राणीला दात आहेत त्याबद्दल मी काही करू शकत नाही.

तुझा,
भाचा


१९ ऑक्टोबर

माझ्या लोहमुखा!

आता लपवायचं नाटक पुरे. ओळखलं आम्ही! पुलावर काळ्या घोड्यावरून आलास, चेहऱ्यावर ते लोखंडी झाकण, हातात एवढी मोठी तलवार, आणि वहिनी किंचाळली, “हाच! हाच माझा!” चष्मेवाला म्हणाला, उंची बरोबर आहे, खांदेही तेच. आवाज वेगळा होता, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी घालतात हे चष्मेवाल्याला कुठूनसं ठाऊक होतं. आणि चेहरा दिसणार नाही, अंगावर चढवायला दोन माणसं लागतात, सगळं जुळलं. ‘नऊ पूल’मधला सगळ्यात मोठा सरदार आमच्या घरचा! वहिनीला रडू आवरेना. मला मेलीलाही हुंदका आला, मी तो खोकल्यात घातला.

दादा? दादा आपला मांडीवरचा बूट शिवत होता. पण संपल्यावर म्हणाला, “तो पुलाचा भाग मागे घेऊन परत लाव.” लावला. म्हणाला, “परत.” तिसऱ्यांदा तर स्टूल उचलून पडद्याच्या पुढ्यात जाऊन बसला, नाक काचेला लागेल इतक्या जवळ. मग उठला आणि दुकानात निघून गेला. भरून आलं असणार. एवढ्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता. आज सकाळी चष्मेवाल्याला म्हणाला, “दुकानाचं बोलू आपण.” तेव्हा तू निश्चिंत राहा, तुझ्या नशिबातली आरी टळली.

आता एक वाचक म्हणून बोलते. लोहमुख उत्तम. बाकी भाग भिकार. पुलाखालून तो पंकासुर निघतो, त्याचं काय करून ठेवलंत रे? पुस्तकात त्याला सहा पाय आहेत, तो जवळ आला की विहिरींचं पाणी कडू होतं. इथे चारच पाय, खर्च वाचवला असणार. आणि ते मागचे दोन! सकाळपासून पोट बिघडलेलं आणि संडासाला रांग, असं चालत होतं ते. आम्ही पोट धरून हसलो. आत जो कुणी दुर्दैवी माणूस कोंबला असेल त्याला माझी सहानुभूती कळव. त्याच्या घरच्यांना काय तोंड दाखवत असेल बिचारा!

अभिमानानं फुगलेली,
आत्या


२५ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र मिळालं. आईला म्हणावं, जरा शांत राहा, लगेच गावभर सांगत सुटू नको.

पंकासुराबद्दल तू लिहिलंस ते मला पटलं नाही. मी त्या मागच्या माणसाला ओळखतो. चांगलाच ओळखतो. त्याला दिवसभर कमरेत वाकून पुढच्या माणसाचा पट्टा धरून चालावं लागतं. त्याला पूल दिसत नाही, राणी दिसत नाही, दिसते ती फक्त पुढच्याची कंबर. पुढचा न्याहारीला लसूण खातो आणि आत शिरला की गाणं गुणगुणतो, एकच, रोज. चिखलात चौदा-चौदा वेळा तोच प्रसंग करायचा आणि एकदाही पडायचं नाही, कारण मागचा पडला तर पुढचाही पडतो आणि वर बसवलेलं धूड दोघांवर येतं. त्याच्या टाचा सोलून निघाल्यात. कंपनीनं दिलेले रबरी पंजे सगळ्यांना एकाच मापाचे आहेत. आणि तरी परवा दिग्दर्शक सगळ्यांसमोर ओरडून म्हणाला, “मागचे पाय! मागच्या पायांसारखं काम करा रे सगळे!” लोहमुखाला असं कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही.

आणि सहा पायांचं म्हणशील तर चारांचेच इथे एवढे हाल आहेत, आणखी दोन कुठून आणायचे?

दुकानाचं बोलणं थांबव. काहीतरी कारण सांग. बाबांनी नक्की काय म्हटलं ते शब्द न शब्द लिही.

तुझा,
भाचा


२ नोव्हेंबर

लोहमुखा,

केवढा चिडलास त्या मागच्या पायांपायी! मोठा माणूस झालास तरी लहान माणसांची बाजू घेतोस, हे मी वहिनीला वाचून दाखवलं, तर तिला परत रडू आलं. तुझ्या मनाचा मोठेपणा आता तिनं दंतवैद्य, दूधवाली आणि गॅस दुरुस्तीवाला यांना सांगून झालाय. शांत राहा म्हणे! उकळतं दूध शांत राहील, तुझी आई नाही.

माझंही थोडं ऐक. वाचनालयात आता मला ‘लोहमुखाची आत्या’ म्हणतात. नऊही खंड बाहेर गेलेत आणि त्यांच्यासाठी नाव लावून थांबलेली माणसं आहेत. ज्या शिक्षिकेनं वर्षभर माझ्याकडे बघून मान हलवली नव्हती, ती काल आपणहून विचारत होती की लोहमुख घरात कसा वागतो. मी म्हटलं, लहानपणी भाजी टाकायचा. तिनं ते फार मोठं काहीतरी ऐकल्यासारखं ऐकून घेतलं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत हे मला कळतंय, पण वरून दिसतं छान.

तू उगाच घाबरतोस असं मला वाटतं. चेहरा दिसल्याशिवाय लोक मानणार नाहीत याची भीती आहे ना? धीर धर. लोहमुख झाकण काढतो ते पाचव्या खंडात, राणीच्या तुरुंगात, उजव्या पानावर. म्हणजे तुमच्या या कूर्मगतीनं अजून दोन वर्षं. तोवर मी फुकटची मिरवून घेते.

दादाचं मात्र काही कळत नाही. काल तिसरा भाग लागला. लोहमुख समोर मस्त भाषण करत होता, आणि दादा डोळे बारीक करून त्या पंकासुराकडेच बघत बसला. मधेच म्हणाला, “उजवी टाच सोललीय.” आम्ही त्याच्या मांडीवरच्या बुटाकडे पाहिलं. बरा होता बूट. आता तो दुपारी दुकानाचं दार लावून घेतो, हाक मारली तर “काम आहे” म्हणतो. गिऱ्हाईक तर महिन्यात चार येत नाहीत, कसलं काम? माझ्या मते दुकान सोडायचं म्हणून एकटा बसून जीव हलका करत असावा. चष्मेवाला महिनाअखेरीला मोजमाप घ्यायला फीत घेऊन येणार आहे.

तू विचारलंस म्हणून शब्द न शब्द: “दुकानाचं बोलू आपण. पण घाई नको, हातात एक काम आहे.” झालं. एवढंच बोलला.

पुढच्या भागाला मी वाचनालयातली आठ-दहा माणसं घरी बोलावलीत. शिक्षिकाही येतेय.

तुझी,
प्रख्यात आत्या


७ नोव्हेंबर

आत्या,

हे पत्र मिळेल तेव्हा पहिल्यांदा त्या आठ-दहा माणसांना सांग की टीव्ही बिघडलाय. मग खाली बस.

मी लोहमुख नाही. मी पंकासुराचा मागचा भाग आहे. ते पोट बिघडलेलं, संडासाची रांग, ते दोन पाय माझे.

तुमचं पुस्तक कुणी पाळत नाही, आत्या. झाकण पाचव्या खंडात नाही, चौथ्याच भागात निघतंय. पंधरा तारखेला. खालून चाळिशीचा, दाढीवाला, नाकाला बाक असलेला माणूस निघणार आहे. तो स्वभावानं फार चांगला आहे, पण आईला तो आपला मुलगा वाटेल अशी काही शक्यता नाही.

मी खोटं लिहिलं नव्हतं. पण तुम्ही लोहमुख म्हणालात आणि मी ‘नाही’ म्हटलं नाही, ते खोट्याइतकंच झालं. मला लाज वाटत होती. कामाची नाही. तुझ्या पत्रातलं हसणं वाचून वाटली.

हे काम कसं मिळालं ते सांगतो. मी भालदाराच्या जागेसाठी गेलो होतो. भाला धरून नुसतं उभं राहायचं होतं, तरी नको म्हणाले. परत निघालो, तर मागून दिग्दर्शक ओरडला, “ए, तो कोण चालतोय? त्याला थांबवा!” मला वाटलं, आता हाही हसणार. शाळेत हसायचे, लग्नाच्या वरातीत हसायचे, तू तर मला नावच ते ठेवलंयस. तो हसला नाही. म्हणाला, “परत चाल.” मग म्हणाला, “हे जनावर मी वर्षभर शोधतोय.” आत्या, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी चाल बघून जागा दिली.

मला इथेच राहायचंय. पण ते माझ्या हातात राहिलेलं नाही. टाचा बऱ्या होत नाहीत. इथल्या डॉक्टरनं सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत हेच राहिलं तर मला थांबवतील आणि दुसरा माणूस आत घालतील. बाहेरून कुणाला फरकही कळणार नाही. म्हणून बाबांना खरं सांग. या भरवशावर त्यांनी दुकान देऊन टाकू नये. यायला सांगितलं तर येईन. मनापासून येणार नाही, पण येईन.

रस्ता बर्फानं बंद व्हायला लागलाय, टपालगाडी उद्या जाते की नाही माहीत नाही. पंधराच्या आत पोचू दे, एवढीच प्रार्थना.

भाचा


१७ नोव्हेंबर

फेंगड्या, गाढवा,

पत्र आज सकाळी पोचलं. पंधरा तारीख शनिवारी होऊन गेली. तेव्हा काय काय झालं ते आता तू शांतपणे वाच, मी काही शांत नाहीये.

खोलीत तेरा माणसं. वहिनीनं पडदे धुतलेले. शिक्षिका पहिल्या रांगेत. लोहमुख राणीसमोर गुडघे टेकतो, हात झाकणाकडे नेतो, आणि मी ताडकन उठून ओरडले, “अरे हे पाचव्या खंडात आहे! इथे कसं? यांना वाचता येतं की नाही?” मी पुस्तकाचंच घेऊन बसले होते आणि बाकी सगळे पडद्यावरच्या दाढीकडे बघत होते. मग मीही बघितलं.

वहिनी म्हणाली, “अगं बाई, याला दाढी कधी आली?” चष्मेवाला म्हणाला, “रंगभूषा असेल.” मग त्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. शिक्षिकेनं माझ्याकडे वळून असं पाहिलं की मी उशीत तोंड खुपसावं. माझी प्रख्याती चार आठवड्यांत निकालात निघाली.

वहिनीचा चेहरा इतका पडला की माझ्याच्यानं बघवेना. आणि तेवढ्यात दारातून दादा म्हणाला, “तो नाहीच आपला. कधीच नव्हता. ते मागचे दोन पाय, ते आपलं पोरगं.”

“तुला काय माहीत?” मी म्हटलं.

“मला काय माहीत म्हणजे?” दादा एवढ्या मोठ्यानं बोलला की शिक्षिका दचकली. “तो चालायला लागला तेव्हापासून त्याच्या टाचा मी बदलतोय. बाहेरची कड झिजणार, उजवा पाय आधी बाहेर फेकणार, मग डावा त्याच्या मागे येणार. वर रबर चढवा नाहीतर लोखंड चढवा, चाल कुठे लपते? दुसऱ्या भागातच ओळखलं मी.”

“मग एवढे दिवस बोलला का नाहीस?”

“मला कुणी विचारलं? तुमचं आपलं लोहमुख, लोहमुख.”

मग तो स्टूल घेऊन पुढे आला, वहिनीच्या शेजारी बसला, आणि मला म्हणाला, पुलाचा भाग लाव. लावला. तेरा माणसांनी तो बघितला. दादा बोटानं दाखवत होता: बघा, इथे चिखलात पाय रुततो पण कंबर हलत नाही. इथे पुढचा घसरला, यानं सावरला. इथे टाच दुखतेय, म्हणून चवड्यावर भार घेतलाय, पण ताल सोडला नाही. शिक्षिका म्हणाली, “खरंच की, भीती वाटते त्या पायांची.” आणि मला पहिल्यांदा वाटली, रे. संडासाची रांग आठवून मला माझी शरम वाटली. तुला आयुष्यभर फेंगड्या म्हणते आणि तुझे पाय समोर आले तर ओळखता आले नाहीत. तेवढं एक मनावर घेऊ नकोस आणि घेतलंस तर माझी तक्रार नाही.

वहिनी आता म्हणते, लोहमुख काय, झाकण काढून निघून जाईल, पंकासुर नवव्या खंडापर्यंत आहे. तिनं दूधवालीला नवी माहिती दिलीसुद्धा.

चष्मेवाल्यानं जाताना चाचरत विचारलं, म्हणजे आता दुकानाचं काय? दादा म्हणाला, “दुकान तुझं. पण खिडकीजवळचा कोपरा माझा. आरी आणि रापी तिथेच राहतील. मला एकच गिऱ्हाईक आहे, पण त्याचे पाय चार आहेत.”

तर त्या लावलेल्या दारामागे हे चाललं होतं. सोबत पार्सल आहे, दादानं स्वतः बांधलंय, दोरीला इतक्या गाठी आहेत की तुला सुरी लागेल. त्याला म्हटलं, दोन ओळी लिही. म्हणाला, बूट आहेत की.

तुझी,
(नुसती) आत्या


२६ नोव्हेंबर

बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे काय म्हणावं ते सुचत नाही. आत्याला लिहिताना सुचतं, कारण तिला उत्तर देण्याच्या नादात आपोआप होतं.

बूट मिळाले. इतकं मऊ चामडं मी कधी हातात धरलं नव्हतं. पुढचं टोक इतकं निमुळतं की रबरी पंजात बरोबर बसेल, हे तुम्ही टीव्हीवर बघून कसं ठरवलं ते मला कळत नाही. तंबूतल्या सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिले. खऱ्या लोहमुखानं विचारलं की तुमच्या बाबांकडे माझ्यासाठी होतील का. मी म्हटलं, नंबर लावा.

पण बाबा, मी ते घातलेले नाहीत. उशाशी ठेवलेत. सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो. तुमचे बूट घातले की मी सरळ चालतो. लहानपणापासून तसंच होतं. आत कुठे पाचर असते ती बाहेरून दिसत नाही, पण चार पावलं टाकली की पाय आपोआप आत वळतात, लोक मागे वळून बघायचे थांबतात. तुम्ही माझ्यासाठी तेवढं करत आलात, हे मला कळायला उशीर झाला. पण इथे मला माझ्या वाकड्या चालीवरच ठेवलंय. मी सरळ चाललो तर पंकासुर संपला.

म्हणून रबरच घालतोय. डॉक्टरनं अजून पंधरा दिवसांची मुदत दिलीय, मग परत बघणार आहे. तुमचा राग येऊ देऊ नका. बूट मी परत पाठवणार नाही, काही झालं तरी.

तुमचा


(दुकानातल्या मापाच्या कागदावर, पेन्सिलीनं)

३० नोव्हेंबर

पत्र मिळालं. बूट घाल. आजच घाल.

आत लोकर आहे, टाचेला दोन पदर. पाचर नाही. दर वेळी ठोकत आलो, या वेळी हातात घेतली आणि परत डब्यात टाकली. चाल आहे तशीच राहील.

पुढच्याच्या पायाचं माप पाठव. त्याचा डावा बूट सैल आहे, म्हणून तो घाईत चालतो आणि तुला फरफटवतो. माप संध्याकाळी घ्यायला सांग, सकाळी पाय लहान असतो.

— बाबा